माएस्ट्रो : उद्याचा मी आणि आजचा मी

मागच्या तीन व्याख्यानांत आपण 'स्व' म्हणजे काय, या प्रश्नाभोवती फिरत होतो. आज त्याच प्रश्नाकडे एका वेगळ्या वाटेनं जायचं आहे. विषय ऐकून काही जणांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की सर आता कॉमिक्सवर बोलणार का? हो, बोलणार. सत्तरी ओलांडली की माणसाला एवढी सवलत मिळायला हरकत नाही.

झालं असं, की माझ्या नातवानं सुट्टीत एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही सारखं 'आपणच आपले शत्रू' म्हणता ना, मग हे वाचा." पुस्तकाचं नाव 'हल्क : फ्यूचर इम्परफेक्ट'. लेखक पीटर डेव्हिड, चित्रकार जॉर्ज पेरेझ. १९९२ च्या अखेरीला आणि १९९३ च्या सुरुवातीला दोन अंकांत ते आलं. दोघंही आता हयात नाहीत. पेरेझ २०२२ मध्ये गेले, डेव्हिड २०२५ मध्ये. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. का लागली नाही, तेच आज सांगायचं आहे.

ज्यांना हल्क फक्त सिनेमातून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये हे पात्र निर्माण केलं. ब्रूस बॅनर हा शास्त्रज्ञ. त्यानं गॅमा बॉम्ब बनवलाय. चाचणीच्या क्षणी रिक जोन्स नावाचा एक पोरगा गाडी घेऊन चाचणीच्या मैदानात घुसतो. बॅनर धावत जातो, त्याला खंदकात ढकलतो आणि स्वतः स्फोटाच्या तावडीत सापडतो. तिथून पुढे राग आला की हा शास्त्रज्ञ हिरवा राक्षस होतो. म्हणजे बघा, राक्षसाचा जन्म झाला तो एका चांगल्या कृत्यातून. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज लागणार आहे.

पीटर डेव्हिड १९८७ पासून ही मालिका लिहीत होते. १९९१ मध्ये त्यांनी एक मोठा बदल केला. बॅनरच्या मनाचे तुटलेले तुकडे जोडून टाकले. आता हल्कचं शरीर आणि बॅनरची बुद्धी एकत्र. राग आला तरी भान जात नाही. वाचकांना वाटलं, सुटला एकदाचा, बरा झाला.

आणि मग आलं 'फ्यूचर इम्परफेक्ट'. सुमारे शंभर वर्षांनंतरचं जग. अणुयुद्धात बहुतेक सगळे महानायक मेलेत. उरलेली माणसं डिस्टोपिया नावाच्या शहरात राहतात, आणि त्या शहरावर एक हुकूमशहा राज्य करतो. त्याचं नाव माएस्ट्रो. इटालियन शब्द, आपल्याकडे 'उस्ताद' म्हणतात तसा. बंडखोरांचा म्हातारा पुढारी आहे तोच रिक जोन्स, आता चाकाच्या खुर्चीत. त्याची नात जॅनिस, डॉक्टर डूमच्या कालयंत्रातून मागे येते आणि हल्कला मदतीला घेऊन जाते. तिथे गेल्यावर हल्कला कळतं, की माएस्ट्रो म्हणजे तो स्वतःच. टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा, त्याच्यापेक्षा बलाढ्य आणि त्याच्याइतकाच हुशार.

आता इथे समीक्षेला सुरुवात होते.

माएस्ट्रो असा का झाला, याचं एक सोपं उत्तर दिलं जातं. युद्धातला किरणोत्सर्ग त्यानं शोषून घेतला, त्यामुळे बळ वाढलं आणि मनही बिघडलं. मला हे उत्तर पुस्तकातला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. डोकं बिघडलेल्या माणसाशी वाद कसला घालायचा? तो आजारी आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण पुस्तकातली ताकदीची पानं ती आहेत जिथे माएस्ट्रो बोलतो. तो हल्कची मान मोडतो, त्याला पलंगावर निपचित पाडून ठेवतो, आणि मग शेजारी बसून त्याला पटवू पाहतो. तो चिडत नाही, ओरडत नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. या माणसांनी तुला आयुष्यभर हाकललं, तुझ्यावर रणगाडे सोडले. शेवटी त्यांनीच जग जाळलं आणि तू उरलास. मग तू त्यांच्यावर राज्य केलंस तर बिघडलं कुठे?

मित्रहो, हे वेड्याचं बोलणं नाही. हे हिशेब मांडणाऱ्याचं बोलणं आहे. त्यातली प्रत्येक नोंद खरी आहे. हल्कला खरंच छळलं गेलं होतं. चूक आहे ती बेरजेत.

आपल्या परंपरेत अधःपतनाची एक साखळी सांगितली आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात. क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धिनाश. रानटी हल्कला ही साखळी चपखल बसते. पण माएस्ट्रोला ती बसत नाही. त्याची स्मृती शाबूत आहे. उलट तोच त्याचा रोग आहे. तो काहीही विसरलेला नाही, एकही अपमान नाही. बुद्धीही तल्लख आहे. म्हणजे क्रोधानं बुद्धी नष्ट केलेली नाही, बुद्धीनं क्रोधाला नोकरीवर ठेवलंय.

आणि म्हणून डेव्हिड यांचं सगळ्यात धाडसी पाऊल हे, की माएस्ट्रो उगवला तो 'बरा झालेल्या' हल्कमधून. जुना अडाणी हल्क इमारती पाडायचा आणि मग कुठेतरी वाळवंटात एकटा बसून राहायचा. त्याला एकटं सोडलं की पुरे होतं. राज्य चालवायला पहारेकरी लागतात, महाल लागतो, युक्तिवाद लागतो. त्यासाठी बॅनर लागतो. आपण समजतो, की आपल्यातलं जनावर आवरलं की काम झालं. पुस्तक विचारतं, आवरणाऱ्याला कोण आवरणार?

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. माएस्ट्रो आणि हल्क एकच व्यक्ती आहेत का?

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात एका रशियन तरुणाचं उदाहरण आहे. हा तरुण समाजवादी विचारांचा. काही वर्षांनी त्याला मोठी जमीनदारी वारशानं मिळणार आहे. ती शेतकऱ्यांना देऊन टाकायची असं त्यानं ठरवलंय. पण त्याला हेही माहीत आहे, की वय वाढलं की आदर्श झिजतात. म्हणून तो कायदेशीर कागद करून ठेवतो आणि तो रद्द करण्याचा अधिकार फक्त बायकोच्या संमतीवर ठेवतो. तिला सांगतो, उद्या मी मन बदललं आणि कागद रद्द कर म्हणालो, तर ऐकू नकोस. तो बोलणारा मी नसेन, असं समज.

मी अनेक वर्षं हे उदाहरण वर्गात शिकवलं. मुलं नेहमी त्या तरुणाच्या बाजूनं असायची. वीस वर्षांच्या माणसाला चाळिशीतला स्वतः परकाच वाटतो. हल्कही आधी तेच करतो. हा मी नाहीच, असं तो स्वतःला सांगू पाहतो.

याच्या विरुद्ध बाजूला नागसेनाचं उदाहरण ठेवतो. मिलिंदपन्हामध्ये मिनांडर राजाशी बोलताना नागसेन एका आंबेचोराची गोष्ट सांगतो. चोर पकडला जातो आणि म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, माझा गुन्हा काय? राजालाही मान्य करावं लागतं, की ही पळवाट आहे. तोडलेले आंबे पेरलेल्या आंब्यांतूनच आले. तो नाही आणि वेगळाही नाही, पण धागा तुटलेला नाही, आणि जबाबदारी त्या धाग्यावरून चालत येते. मला विचाराल तर 'फ्यूचर इम्परफेक्ट' समजून घ्यायला पारफिटचा रशियन अर्धाच उपयोगी पडतो. उरलेलं काम नागसेनाचा आंबा करतो. माएस्ट्रो आजचा हल्क नाही. पण त्याची कोय आज हल्कच्या मुठीत आहे.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगतो, कारण झोप न लागण्याचं कारण तेच आहे. मी तरुण प्राध्यापक असताना आमच्या विभागप्रमुखांवर आम्ही सगळे चिडलेले असायचो. ते संशोधन करणाऱ्या मुलांना तासन्‌तास बाहेर बसवायचे. एकदा मी त्याबद्दल बोलायला गेलो तेव्हा म्हणाले, "आम्हीही असेच बसलो होतो." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मी कधी असा वागलो तर मला थोबाडीत मार. पुढे पंचवीस वर्षांनी मी त्याच खुर्चीत बसलो. एक मुलगी प्रबंधाचं प्रकरण घेऊन बाहेर बसली होती, पाऊण तास. शिपायानं दोनदा आठवण केली. मी फोनवर होतो, फार महत्त्वाचं काही नव्हतं. ती आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची नाराजी मला दिसली. आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, "अगं, आम्हीही असेच बसलो होतो." अगदी तेच शब्द. मला किरणोत्सर्ग झाला नव्हता, बरं का.

माझ्याकडेही हिशेब होता. मलाही खरंच बसवलं होतं. नोंद खरी, बेरीज चुकीची. ती मुलगी पुढे चांगली प्राध्यापक झाली. मी तिची माफी मागितली, पण फार उशिरा, निवृत्तीनंतर.

असो. पुस्तकाच्या शेवटाकडे येऊ. अंतिम लढाई होते ती रिकनं जमवलेल्या वस्तूंच्या दालनात. तिथे कॅप्टन अमेरिकाची ढाल आहे, थॉरचा हातोडा आहे, मेलेल्या नायकांच्या कितीतरी खुणा आहेत. पेरेझ यांनी ही पानं इतकी भरगच्च काढली आहेत, की नजर थांबत थांबत जाते, आपण श्रद्धांजलीच्या सभेत बसल्यासारखे. या लढाईत म्हातारा रिक मरतो. हल्कला कळतं, की ताकदीनं आपण जिंकणार नाही. तो कालयंत्र वापरतो आणि माएस्ट्रोला पाठवतो थेट गॅमा बॉम्बच्या शेजारी, स्फोटाच्या ऐन वेळी. ज्या क्षणी हल्क जन्मला, त्याच क्षणी माएस्ट्रो मरतो.

रचना म्हणून हा शेवट अप्रतिम आहे. नैतिकदृष्ट्या मात्र मला तो अस्वस्थ करतो. हल्कनं काय सिद्ध केलं? तो फळ जाळतो, कोय त्याच्याकडेच राहते. शिवाय तो ते करतो कसं, तर शत्रूला एका बॉम्बच्या हवाली करून. म्हणजे माएस्ट्रोचीच चतुराई वापरून. पुस्तक इथे विजयाचा ढोल वाजवत नाही, हे त्याचं श्रेय. पण या प्रश्नापाशी ते पुरेसं थांबतही नाही.

डिकन्सच्या स्क्रूजला १८४३ मध्ये भविष्याचा आत्मा त्याची थडगी दाखवतो, तेव्हा तो विचारतो, की हे घडणारच आहे की घडू शकतं? आणि सकाळी उठून तो वागणं बदलतो. स्क्रूज भविष्याशी मारामारी करत नाही. हल्क करतो. महानायकांच्या कथेची ही जुनी मर्यादा आहे. तिथे आत्मपरीक्षणालासुद्धा ठोसे लागतात.

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. माएस्ट्रोच्या महालातल्या स्त्रिया. तो त्यांना वस्तूसारखं वापरतो, हे त्याचं क्रौर्य दाखवायला ठीक. पण लेखकालाही त्यांच्यात फार रस दिसत नाही. त्यातल्या एकीलाही स्वतःची गोष्ट मिळत नाही. जॅनिससुद्धा हल्कला आणून दिल्यावर कडेला सरकते. ज्या पुस्तकाचा विषयच माणसाचं वस्तू होणं हा आहे, त्यानं इथे जास्त जागं राहायला हवं होतं.

तरीही मी हे पुस्तक तुम्हाला वाचायला सांगेन, आणि ते रिकसाठी. तरुणांना यात हल्क दिसेल. मला दिसला तो खुर्चीतला म्हातारा. ज्याला वाचवताना बॅनर राक्षस झाला, तोच हा पोरगा. त्यानं आयुष्यभर मित्राला वाईटाकडे जाताना पाहिलं. त्याला वेगळा कुणी नायक शोधता आला असता. पण तो काय करतो? मित्राच्याच तरुणपणाला हाक मारतो. त्याचा विश्वास असा, की त्या राक्षसाला थांबवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे तो स्वतः, बिघडण्याआधीचा.

रशियन तरुणानं बायकोला राखण करायला बसवलं होतं. हल्ककडे रिक होता. आपल्या प्रत्येकाकडे असं कुणीतरी हवं, ज्याला आपला जुना चेहरा आठवतो आणि तो आपल्यासमोर धरायची ज्याला भीती वाटत नाही. माझ्या बायकोनं त्या दिवशी मला थोबाडीत मारली नाही. कारण मी तिला ती गोष्ट सांगितलीच नव्हती. चूक तिथे झाली.

पुस्तक संपतं तेव्हा हल्क रिकची राख वाऱ्यावर सोडतो. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. मग नातवाला विचारलं, "तुला काय वाटतं, हा पुढे माएस्ट्रो होईल का?" तो म्हणाला, "माहीत नाही, आजोबा. पण आता त्याला माहीत आहे ना."

मला वाटतं, पोरानं माझ्यापेक्षा चांगलं व्याख्यान दिलं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.