समतोल म्हणजे नेमका कुणाचा?

निसर्ग आणि विकासाचा समतोल. आमच्या शोधनिबंधांत हे शब्द इतक्यांदा येतात की पारड्यात कोण बसलंय, हे बघायचं राहूनच जातं. कर्जत तालुक्यातलं पोशीर घ्या. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पोशीर धरणाला मान्यता दिली. खर्च ६,३९४ कोटी, साठा १२.३४ टीएमसी, पाणी मुख्यतः महानगर प्रदेशातल्या शहरांना नि कारखान्यांना. म्हणजे रान एकाचं, नळ दुसऱ्याचा!

आता पश्चिम घाटावरचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचा. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक आणि सांस्कृतिक भूप्रदेश वेगळे केले, घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. पद्धत नेटकी आहे. असे नकाशे मीही बनवते. पण रानभाज्या, मोहफुलं, सरपण यांवर जगणारी ठाकूरवाडी, कातकरवाडी त्यात कुठल्या रंगाची? वाडीचं घर एका रंगात आणि पोट दुसऱ्या रंगात, असा तो नकाशा.

गाडगीळ समितीचे २०११ चे चौकोनही ओबडधोबडच, सुमारे नऊ किलोमीटरचे. पण त्यांनी त्या सीमा तात्पुरत्या ठेवल्या आणि अंतिम आखणी ग्रामसभांना विचारून व्हावी असं म्हटलं. पुष्कळांनी हे अव्यवहार्य ठरवलं. मला अहवालातला सगळ्यात शास्त्रीय भाग तोच वाटतो: कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही, हे वाडीतल्या बाईला ठाऊक असतं.