'१०० टक्के'मधले पंधरा जण

रिसर्च प्रपोजल लिहिताना साहित्य-आढाव्यात आपण पेपरमधली एखादी टक्केवारी उचलतो आणि पुढे सरकतो. आज अशीच एक टक्केवारी उलटीपालटी करून बघू. पेपर चांगला आहे, म्हणूनच निवडलाय. वाईट पेपरवर टीका करून शिकायला फारसं मिळत नाही.

२०१९ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या जर्नलमध्ये मुंबईतला एक अभ्यास छापून आला. महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही पेशंट्सच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो आरोग्य कर्मचाऱ्याने स्मार्टफोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने काढले. कॅमेरा बेंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा. या पेशंटला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं की नाही, हे फोनमधल्याच एआयने इंटरनेटशिवाय सांगितलं, आणि त्याची तुलना डॉक्टरांच्या निदानाशी केली. पुढे पाठवण्याजोगा आजार ओळखण्यात सेन्सिटिव्हिटी १०० टक्के, स्पेसिफिसिटी ८८.४ टक्के.

आधी डिझाइनबद्दल बोलू, कारण तिथे दाद द्यायलाच हवी. मधुमेहाने पडदा खराब होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही. दिसायला त्रास होतो तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणजे तपासणी जिथे माणूस साखरेच्या गोळ्या घ्यायला येतो तिथेच व्हायला हवी, आणि तो दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत रिपोर्ट हातात हवा. फोटो सर्व्हरवर चढवून उत्तराची वाट बघणारं उपकरण इथे निम्मं निकामी. आमच्या पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याकडच्या वाड्यांचा विचार करा, म्हणजे 'ऑफलाइन' या एका शब्दाची किंमत कळेल.

आता ते १०० टक्के. पेपरमध्ये त्याच्या शेजारी कंसात कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलाय: ७८.२ ते १००. आपण कंस वाचत नाही, ही आपली राष्ट्रीय सवय! एआयने तपासलेले पेशंट २१३. या आकड्यांवरून उलटा हिशेब मांडा, कागदावर पाच मिनिटांत होतो. खरोखर पुढे पाठवण्याजोगा आजार असलेले निघतात फक्त १५. पंधरापैकी पंधरा सापडले, म्हणून १०० टक्के. सोळावा निसटला असता तर आकडा ९४ वर आला असता. उरलेल्या १९८ जणांपैकी १७५ जणांना यंत्राने 'ठीक' म्हटलं आणि २३ जणांना उगाच पुढे पाठवलं. म्हणजे चिठ्ठी मिळालेले ३८, त्यातले खरे १५.

यात लपवाछपवी काहीच नाही. तपासणीच्या यंत्राने आजार निसटू देण्यापेक्षा चार जादा माणसं पाठवलेली बरी, हा विचार योग्यच आहे. पण आजाराचं प्रमाण इथल्या ७ टक्क्यांऐवजी ३ टक्के असलेल्या वस्तीत हेच यंत्र नेलं तर? हजार माणसांत खरे ३०, उगाच पाठवलेले साधारण ११०. पाचातल्या चौघांचा रोज बुडाला, रिक्षाचे पैसे गेले आणि डॉक्टर म्हणाले, 'काही नाही, जा घरी.' पुढच्या वर्षी ते चौघं येतील का? उंबरठा कुठे ठेवायचा हा प्रश्न सॉफ्टवेअरचा दिसतो, पण तो खरा डिझाइनचा आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र पेपरवर नाही, तो आपल्या वाचण्यावर आहे. हा अभ्यास 'यंत्र अचूक ओळखतं का' एवढंच विचारतो, आणि आपण प्रपोजलमध्ये लिहितो की प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेत हे उपकरण यशस्वी ठरलं. प्रतिबंध मोजायचा तर किती जणांची नजर वाचली ते मोजावं लागतं.

तसं मोजलेलं उदाहरण आपल्याकडेच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आले. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी म्हणजे व्हीआयए, चौथ्याला नेहमीचीच सेवा. सगळ्या जणींना आठ वर्षं धरून ठेवलं. आता आकडे बघा: एचपीव्ही गटात कर्करोग सापडले १२७, चौथ्या गटात ११८. नुसतं एवढंच पाहिलं तर टेस्टचा उपयोग शून्य. पण पुढच्या टप्प्याला गेलेले ३९ विरुद्ध ८२, आणि मृत्यू ३४ विरुद्ध ६४. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

इथे थांबून व्हीआयएला बाद ठरवू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी, दर दोन वर्षांनी चार फेऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रियांकडून करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादला फेरी एकच होती. व्हिनेगर तेच, बोळा तोच. फेऱ्या किती, तपासणारी कोण, पॉझिटिव्ह निघालेलीच्या मागे कोण लागलं, हे बदललं. उपकरणाचं मूल्यमापन या सगळ्यापासून सुटं करून करता येत नाही, असं मला वाटतं. (दोन्ही अभ्यासांत ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्याबद्दल नैतिक आक्षेप घेतले गेलेत, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी तो वाद जरूर वाचा.)

तुम्ही म्हणाल, पीएचडीच्या चार-पाच वर्षांत आठ वर्षांचे मृत्यू कसे मोजायचे? नाहीच मोजता येणार. पण मधला टप्पा मोजता येतो. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जण महिन्याभरात डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत पोचले, किती जणांना लेझर किंवा इंजेक्शन मिळालं, जे पोचले नाहीत ते का नाही पोचले. यासाठी लागतं एक रजिस्टर, पेशंटचा चालू फोन नंबर आणि दवाखान्यातल्या सिस्टरांशी चांगली ओळख. हा कॉलम प्रोटोकॉलमध्ये पहिल्याच दिवशी घाला. नंतर फोन केला तर निम्मे नंबर बंद लागतात.