दोन पायऱ्या की दोन मर्यादा?

विज्ञान प्रदर्शनांत 'स्वतः बनवलेला' लिथियम-आयन घटाचा चार्जर आता नेहमी दिसतो. बहुधा तो टीपी ४०५६ ही चिप असलेली तयार पट्टी आणून, चार तारा जोडून केलेला असतो. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती शेजारच्या तक्त्याला. त्यावर प्रवाहाचा ठरावीक आलेख असतो: आधी आडवी रेषा, 'स्थिर प्रवाह', मग उतरती, 'स्थिर विभवांतर'. पहिली पायरी संपली की चार्जर दुसरी सुरू करतो, असे मुले सांगतात. केव्हा बदलायचे हे कोण ठरवते, असे विचारले की गाडी अडते.

मुळात या पायऱ्या नाहीतच. चार्जरला दोन मर्यादा सतत पाळायच्या असतात; जी आधी आड येईल ती लागू. ढोबळ हिशेब करू. रिकाम्या घटाचे विभवांतर ३ व्होल्ट आणि अंतर्गत रोध ०.१ ओहम धरा. त्याला थेट ४.२ व्होल्ट जोडले तर १.२ भागिले ०.१, म्हणजे १२ अँपिअर! म्हणून प्रवाहाची मर्यादा आधी आड येते. घट भरत जातो तसे विभवांतर चढते आणि ४.२ ला दुसरी मर्यादा आड येते. पुढे घटाच्या आतले विभवांतर वाढतच राहते, फरक कमी होतो, म्हणून प्रवाह उतरतो. (ओहमच्या नियमापलीकडे यात फारसे काही लागत नाही.) ठरवलेल्या प्रवाहाचा दहावा भाग उरला की ही चिप थांबते.

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. पट्टीवरचा एक रोधक, सहसा १.२ किलोओहमचा, प्रवाह १ अँपिअर ठरवतो. २००० मिलिअँपिअर-तासाच्या घटाला ते चालते. तीच पट्टी खेळण्यातल्या ३०० मिलिअँपिअर-तासाच्या घटाला जोडली, तर प्रवाह झेपण्यापलीकडचा होतो; घट तापतो, फुगतो, पेटूही शकतो. तिथे १० किलोओहमचा रोधक हवा. मग प्रवाह १३० मिलिअँपिअर होतो. तक्त्यावर या रोधकाचा उल्लेखही नसतो, आणि परीक्षक तो विचारत नाहीत.

वर्गात दाखवायला लिथियम नकोच. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि दोन्ही मर्यादा लावता येणारा वीजपुरवठा घ्यावा: १३.८ व्होल्ट, ०.७ अँपिअर. सुरुवात सकाळीच करावी, वेळ लागतो. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही मापे लिहावीत. एकदा अर्धी वापरलेली, एकदा जवळजवळ भरलेली बॅटरी घेतली, तर वळण वेगवेगळ्या वेळी येईल. तक्त्यावर हे दोन आलेख लावावेत.