आवलीच्या पायातला काटा

कीर्तनाची सेवा करताना माझ्याकडून एक चूक वर्षानुवर्षे होत आली. तुकोबारायांचा अभंग निरूपणाला घेतलेला असावा, श्रोते पेंगू लागावेत, की मी आवलीला उभी करीत असे. तिचा कडाडणारा आवाज काढायचा, तिने विठोबाला दिलेल्या शिव्या रंगवून सांगायच्या. मंडप हसून जागा व्हायचा. एकदा कीर्तन संपल्यावर पाया पडायला आलेली एक म्हातारी माउली मला म्हणाली, "म्हाराज, तुकोबा डोंगरावर असताना घरी पोरांना भाकर कोन घालत व्हतं?" मी हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे मिळाले, ते फडावर नव्हे, नाट्यगृहात.

'संगीत देवबाभळी' हे प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेले आणि बसविलेले नाटक २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्यातला प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. भंडारा डोंगरावर नामचिंतनात बसलेल्या तुकोबारायांना भाकरी घेऊन जाताना आवलीच्या पायात काटा रुततो आणि साक्षात पांडुरंग तो काढतो. आपण हा प्रसंग सांगतो, देवाच्या दयाळूपणाचा जयजयकार करतो आणि पुढच्या चरणाकडे वळतो. नाटक मात्र तिथेच थांबते. काटा निघाला, पण जखमेचे काय? पोटुशी बाई घरात पडून राहिली तर चूल कोण पेटवणार? म्हणून रखुमाई लखूबाई होऊन आवलीच्या घरी येते. रंगमंचावर या दोघीच. तुकोबाराय दिसत नाहीत, पांडुरंगही दिसत नाहीत. ज्यांची वाट पाहायची ते नजरेआड आणि वाट पाहणाऱ्या दोघी समोर, हीच या नाटकाची खरी बांधणी.

नाटकात आवली विठोबाला बोल लावते. आपणही तिला तशीच दाखवीत आलो. मग फरक कुठे पडला? आपण तिचे शब्द सांगतो, पण ज्या रिकाम्या कणगीसमोर उभी राहून ती ते बोलते, ती कणगी दाखवीत नाही. त्यामुळे तिचा राग हा तिचा स्वभाव ठरतो. नाटक आधी तिचे काम दाखवते, मग राग. तेव्हा कळते, की दिवसभर ज्याचे नाव घेऊन ती भांडते, त्याच्याशी तिचाही संबंध अखंड आहे. संत प्रेमाने देवाशी भांडले तर आपण त्याला सलगी म्हणतो. आवली भांडली तर कजागपणा म्हणायचे, हा न्याय मला आता पटत नाही.

आमच्या फडावरील एका जुन्या टाळकऱ्यांनी आक्षेप घेतला. जगन्मातेला चारचौघींसारखे रुसवे-फुगवे दाखवणे शोभते का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण पंढरीत रखुमाईचे राऊळ वेगळे का आहे, याची कथा आपणच लेकरांना सांगतो. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत आले. म्हणजे आईचा रुसवा नाटकाने आणलेला नाही. तो आपल्या क्षेत्राच्या पायातच आहे. नाटकाने एवढेच विचारले, की त्या रुसव्याचे पुढे काय झाले?

दुसरा आक्षेप नव्या कलेवरच असतो. कीर्तन-भजन असताना ही सोंगे कशाला? याचे उत्तर नाथमहाराजांनी चारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. वासुदेव, गोंधळी, जोशी, भुत्या यांची त्या काळी गावोगाव चालणारी सोंगे त्यांनी उचलली आणि भारुडांत परमार्थ भरला. पैठणचे विद्वान ब्राह्मण असूनही त्यांनी सासुरवाशिणीच्या तोंडाने बोलायला कमीपणा मानला नाही. आजकाल आत्माविष्कार हा शब्द फार ऐकू येतो. 'मला जे वाटते ते मी मांडणार' असा त्याचा अर्थ घेतला जातो. नाथांची रीत निराळी. ते दुसऱ्याच्या अंगात शिरून बोलले आणि त्यातूनच त्यांचे अंतःकरण अधिक उघड झाले. 'देवबाभळी' मला या वाटेवरचे वाटते. लेखक स्वतःचे दुःख सांगायला बसलेला नाही. ज्या बाईचे आजवर कोणी नीट ऐकले नाही, तिला त्याने बोलू दिले आहे.

आणि हे प्रथमच घडले असेही नाही. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, तेव्हा सिनेमा ही नवीच कला होती. त्यातही गौरी या नटीने उभी केलेली जिजाई पोरांसाठी आणि घरासाठी झगडणारी हाडामासाची बाई होती. याच चित्रपटातले शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद अनेकांना तुकोबारायांचेच वाटले. नवी कला संतांच्या शब्दाजवळ किती पोहोचू शकते, हे त्यातून दिसते. जबाबदारी किती मोठी आहे, हेही दिसते.

म्हणून सरसकट कौतुकही नको. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत अभंग गाणारी आपलीच मुले मी पाहतो. त्यांचे सूर चांगले असतात, गिटारचेही मला वावडे नाही. पण वेळ संपते धृपद आणि एखाद्या चरणावर. संतांची नाममुद्रा असते शेवटच्या चरणात. 'तुका म्हणे' येण्याआधीच अभंग संपतो. ज्याचे बोल त्याचे नाव गळते आणि गाणाऱ्याचा चेहरा तेवढा उरतो. हा आत्माविष्कार खरा, पण त्यात संत हरवला. मुलांनो, गा, अवश्य गा, पण मुद्रेपर्यंत गा.

नाटकालाही एक मर्यादा आहे. नाट्यगृहात अंधार असतो, खुर्ची असते, आपण पाहणारे असतो. आपल्या भजनात कोणी नुसता पाहणारा नसतो. ज्याला सूर नाही त्याच्याही हाती टाळ असतो. 'देवबाभळी' पाहून डोळे भरून आले, रुमाल काढला आणि घरी येऊन ताटावर बसून 'पाणी आण' म्हटले, तर त्या दोघींची मेहनत वाया गेली. कलेने दिलेला टाळ घरी येऊन आपणच वाजवायचा असतो.

एक गोष्ट नाटक पाहून घरी परतताना मनात आली. तुकोबारायांच्या वैकुंठगमनानंतर आवलीच्या पोटी नारायणमहाराज जन्माला आले. त्यांनीच १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. ज्या पालखीमागे आपण नाचत पंढरीला जातो, ती पालखी निघाली आवलीच्या मांडीवर वाढलेल्या लेकराच्या हातून. आणि तिच्याच नावावर मी इतकी वर्षे मंडप हसवीत होतो.

परवाच्या कीर्तनात तोच प्रसंग आला. सवयीने आवाज चढवणार होतो, थांबलो. मी म्हटले, "मायबापहो, या माउलीने भाकर थापली म्हणून डोंगरावर नामचिंतन चालले." मंडपात कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले आणि विणेकऱ्यांनी नामाचा गजर सुरू केला.

रामकृष्णहरि.