शीरखुर्मा उघडा, गोश्त झाकलेले

गोमांसाचा जाड तुकडा, म्हणजे स्टेक, किती भाजावा यावर युरोप-अमेरिकेत हिरीरीने वाद होतात. तो आतून गुलाबीच हवा, पूर्ण शिजवून मागणाऱ्याला चव कळत नाही, असा एका पक्षाचा आग्रह. आमच्या बारामती-इंदापुरात नेमके उलटे ऐकू येते: गोश्तात लाली दिसली की ते रक्त, आणि रक्त हराम. दोन्ही मते तपासायला हवीत.

कुरआनने निषिद्ध ठरवले ते वाहते रक्त. जिबह करताना ते निघून जाते. मांसात उरणारी लाली मुख्यतः मायोग्लोबिन या प्रथिनाची असते. तेव्हा लालीला हराम म्हणणे ही सवय आहे, धर्माज्ञा नव्हे. पण सवयीलाही कारण असते. स्टेक जनावराच्या कमी राबलेल्या, मऊ भागाचा. तो थोड्या आचेत होतो. आमच्या पातेल्यात पडते ते हाडासकट, राबलेल्या मांडी-खांद्याचे मटण. ते मंद आचेवर बराच वेळ शिजले तरच मऊ होते, हाडाचा अर्क रश्शात उतरतो आणि थोडक्या गोश्तावर घरभराची भाकरी निघते. हे अडाणीपण नाही, हिशेब आहे.

हा हिशेब मराठीत लिहिला कोणी? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचा स्वयंपाक चान्यांसह, न लाजता नोंदवला. २०१५ साली राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, हे लक्षात घेतले तर अशा नोंदीचे मोल कळते. ताटातून गेलेले निदान कागदावर उरते.

आमच्या कथा-आत्मकथनांत काय उरले? ईद येते, शीरखुर्मा येतो, कारण तो शेजारी पाठवता येतो. गोश्ताचे पातेले मात्र आम्ही झाकूनच ठेवतो. भिगवणच्या हॉटेलांनी उजनीच्या मासळीला नाव मिळवून दिले, महामार्गावरचे प्रवासी तिच्यासाठी थांबतात. आमच्या सालनाला, आखणीला, दालच्याला तसा लेखकसुद्धा लाभला नाही.

दोष केवळ बाहेरच्या नजरेचा नाही. ती नजर आम्हीच आत घेतली आणि लिहिताना आपल्याच चुलीवरून उठून गेलो. कुर्बानीच्या दिवशी कलेजी आधी का शिजते, कोणता भाग कोणाच्या वाट्याला जातो, हे आमच्या घरांतल्या बायकांना तोंडपाठ आहे. ते त्यांच्या शब्दांत उतरले नाही, तर आमचे साहित्य सणापुरतेच राहील.