जपानी बोलपटांतील आदरार्थ आणि मराठी प्रेक्षक

जपानी चित्रपटांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात चित्रचौकट, निसर्ग आणि मौन यांची वाखाणणी विपुल आढळते. पात्रांच्या बोलण्याचा विचार मात्र क्वचितच. कारण उघड आहे. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याच्या आणि चित्रपट मंडळांच्या द्वारे हे बोलपट आपल्याकडे आले ते बहुधा इंग्रजी उपशीर्षकांसह. आपण पाहिले जपानी आणि वाचले इंग्रजी. हा वळसा रसग्रहणाला बाधक ठरला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जपानी आणि मराठी या भाषांचे कूळ एक नव्हे. तथापि दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, कर्ता सहज अध्याहृत राहतो, आणि वाक्याच्या शेपटीला ‘ना’, ‘बरं’, ‘हं’ अशी अव्यये जोडून वक्ता श्रोत्याशी असलेली जवळीक सुचवितो. जपानीत ‘ने’ आणि ‘यो’ बहुतांशी हेच कार्य करतात. मुख्य म्हणजे दोन्ही भाषांत आदर हा व्याकरणाचा विषय आहे.

ओझूचा ‘तोक्यो मोनोगातारी’ (1953) घ्यावा. ओनोमिचीहून वृद्ध आईबाप तोक्योत मुलांकडे येतात. पोटच्या मुलांना सवड नाही; युद्धात गमावलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी त्यांची आस्थेने विचारपूस करते. जपानीत मुलगी आणि सून दोघीही ‘आई’ या एकाच नात्याने हाक मारतात. भेद पडतो तो आदराच्या मात्रेत. मुलगी शिगे सैल, तुटक बोलते; नोरिको आदरार्थी रूपे सोडीत नाही. इंग्रजीत दोघींची वाक्ये एका पातळीवर येतात. मराठीत मात्र ‘आई, तू बस’ आणि ‘आई, तुम्ही बसा’ एवढ्याने काम होते. येथे ‘मामंजी’, ‘आत्याबाई’ या आपल्या जुन्या शब्दांचा मोह भाषांतरकाराने टाळावा. ते गोड आहेत खरे; पण पहिल्याच हाकेत ते सुनेला वेगळी काढतात, आणि रक्ताच्या नात्याची जागा जोडलेल्या नात्याने घ्यावी, हाच तर या चित्रपटाचा विषय आहे.

अखेरच्या भागात नोरिको सासऱ्यापाशी कबुली देते, की आपण वाटतो तितक्या चांगल्या नाही, पतीची आठवण न येणारे दिवसही जातात. एवढे अंतरंग उघड करतानाही तिची आदरार्थी क्रियापदे ढळत नाहीत. ज्याला आपले समीक्षक ओझूचा ‘संयम’ म्हणतात, तो येथे मौनात नसून क्रियापदाच्या रूपात आहे. उपशीर्षके वाचणाऱ्यास तो कळणार कसा?

वृद्ध दांपत्याच्या तोंडी ओनोमिचीकडील बोली आहे, तोक्योतील मुले नागर भाषा बोलतात. पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाच्या घरी भोकरदनचे वा परतूरचे वडील बोलू लागले की काय ऐकू येते, हे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको.

प्रकार बदलला की भाषेचे कामही बदलते. कुरोसावाच्या ‘सात सामुराई’त (1954) योद्ध्यांची भाषा आणि शेतकऱ्यांची भाषा यांत वर्गभेद स्पष्ट ऐकू येतो. किकुचियो हा शेतकऱ्याचा मुलगा कुणाची तरी वंशावळ दाखवून सामुराई म्हणवू पाहतो. त्या कागदानुसार त्याचे वय तेरा ठरते, आणि सारे हसतात. पण कागद निघण्यापूर्वीच त्याची बोलण्याची तऱ्हा त्याला उघडा पाडते. त्याच वर्षीच्या ‘गोजिरा’सारख्या राक्षसपटाचे उपशीर्षकांवाचून फारसे अडत नाही, हेही मान्य करावे. उलट हामागुचीच्या ‘ड्राइव्ह माय कार’मध्ये (2021) नटसंच चेखॉव्हचे नाटक निरनिराळ्या भाषांत, एक नटी तर कोरियन खुणांच्या भाषेत, सादर करतो, तेथे भाषांतर हाच कथेचा भाग झाला आहे.

मराठीत उपशीर्षके केल्याने सर्व अडचणी मिटतील असे नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा आपला भेद जपानी सर्वनामांत नाही. आतामीच्या समुद्रकाठी बसून म्हातारा-म्हातारी घरी परतण्याचे ठरवितात, तेथे ‘आपण’ निर्विवाद आहे. परंतु तोच बेत ती मुलांना सांगतात तेव्हा ‘आम्ही’ लिहिताच आईबाप मुलांपासून तुटतात. मुळातील वाक्याने ही तोडणी अद्याप केलेली नसते.