‘वन पीस’ची अखंड आवृत्ती

दीर्घ कथेचा आस्वाद दोन प्रकारांनी घेता येतो. ती जसजशी प्रसिद्ध होत जाते तसतशी, आठवड्याला एक घास या बेताने, हा एक प्रकार. आणि तिचा पुष्कळसा भाग हाती आल्यावर सलगपणे, हा दुसरा. पहिल्या प्रकारात उत्कंठा अधिक, तर दुसऱ्यात विवेक अधिक. कथेची बांधणी पक्की आहे की ती केवळ दिवसामागून दिवस ढकलीत आली आहे, याची पारख दुसऱ्याच प्रकाराने होते. ‘वन पीस’ या जपानी ॲनिमेचे घरी पाहण्यासाठी निघालेले संच रसिकांनी विचारात घ्यावेत असे आम्हांस वाटते, ते याच कारणास्तव.

एइचिरो ओदा यांची ही चित्रकथा जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तोएई या चित्रसंस्थेने तिला चलच्चित्राचे रूप दिले आणि २० ऑक्टोबर १९९९ पासून ती फुजी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा हजारावा भाग झाला. अमेरिकेत फ्युनिमेशन या संस्थेने (२०२२ पासून तिचे नाव क्रंचीरोल असे आहे) २०११ पासून या मालिकेचे ‘कलेक्शन’ नावाचे संच काढले. एकेका संचात चार तबकड्या आणि त्यांवर पंचवीसच्या आसपास भाग असतात. मूळ जपानी संवाद व इंग्रजी संवाद असे दोन्ही ध्वनिमार्ग त्यांत असून कोणताही प्रसंग गाळलेला नाही. या शेवटल्या गोष्टीचे मोल किती, हे कळण्यास थोडे मागे जावे लागते.

कथानायक लफी हा गवती टोपी घालणारा एक पोर आहे. एका चमत्कारिक फळाच्या सेवनाने त्याचे शरीर रबरासारखे ताणले जाते. चाच्यांचा राजा व्हावे आणि गोल डी. रॉजर या जुन्या चाच्याने मागे ठेवलेले ‘वन पीस’ नामक धन शोधावे, एवढीच त्याची आकांक्षा. सोबतीला एक तलवारबहाद्दर, एक नकाशे काढणारी तरुणी, एक थापाड्या आणि एक आचारी मिळतो, आणि पुढे ही मंडळी वाढतच जाते. हे कथासूत्र ऐकून हा निव्वळ बालिश खेळ आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. अमेरिकेतील पहिल्या प्रकाशकांनीही ते तसेच मानले.

२००४ साली फोरकिड्स नावाच्या संस्थेने तेथील मुलांसाठी या मालिकेची इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. आचाऱ्याच्या तोंडची सिगारेट जाऊन तेथे गोळीची काडी आली. रक्त पुसले गेले. कोहेई तानाका व शिरो हामागुची यांचे संगीत काढून त्या जागी दुसरे घातले गेले. १४३ मूळ भागांची काटछाट होऊन १०४ भाग उरले. मुलांची सोय पाहणे हा अपराध नव्हे. परंतु जे गाळले गेले त्यात एक देवमासाही गेला, आणि आमच्या मते खरी हानी झाली ती तेथे.

बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या भागांत लाबून नावाचा हा अजस्र देवमासा येतो. पिलू असताना तो एका गाणाऱ्या चाच्यांच्या टोळीमागून समुद्र तुडवीत आला. पुढचा मार्ग त्याला झेपणार नाही म्हणून त्यांनी त्यास दीपगृहाच्या रक्षकापाशी ठेवले आणि जगाची प्रदक्षिणा करून परत येण्याचे वचन दिले. त्याला पन्नास वर्षे झाली. ते भिऊन पळाले, असे रक्षक सांगतो. पण लाबून ते ऐकून घेत नाही. आडव्या आलेल्या कड्यावर तो डोके आपटीत राहतो. लफी त्याच्याशी मुद्दाम झुंज घेतो, ती अर्धवट सोडतो, ‘पुन्हा येऊन पुरी करीन’ असे सांगतो आणि त्याच्या जखमी कपाळावर आपले निशाण रंगवतो, हेतू हा की ते पुसू नये म्हणून तरी त्याने डोके आपटणे थांबवावे. फोरकिड्सच्या आवृत्तीत लाबूनच्या जागी एक हिमनग आहे.

तेवढेच पाहणाऱ्यास ही काटछाट क्षम्य वाटेल. प्रसंग दोन भागांचा. पुढील कथेला त्याची गरज दिसत नाही. परंतु सुमारे पावणेतीनशे भाग लोटल्यावर, म्हणजे प्रक्षेपणाच्या हिशेबाने सुमारे सात वर्षांनी, धुक्यात भरकटणाऱ्या एका फुटक्या गलबतावर ब्रुक नावाचा सांगाडा भेटतो. त्या गाणाऱ्या टोळीतला हाच अखेरचा. त्याचे सोबती पळाले नव्हते. लढाईत विषाने मरता मरता त्यांनी लाबूनसाठी आपले आवडते गाणे एका शिंपल्यात ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. गाणारे एकेक करून कोसळतात, आवाज कमी कमी होत जातात आणि शेवटी एकच उरतो. तो देवमासा अजून वाट पाहतो आहे, हे लफीकडून कळताच डोळे नसलेला तो सांगाडा रडतो. विनोदासाठी आणलेले एक पात्र क्षणार्धात करुणरसाचे अधिष्ठान होते.

हा परिणाम साधतो कशामुळे? त्या प्रसंगातल्या शब्दांमुळे नव्हे, तर प्रेक्षकाच्या स्मरणामुळे. लाबूनला जो विसरला, त्याच्यापुरता ब्रुक अर्धा. आणि ज्याला लाबून कधी दाखविलाच नाही, त्याच्यापुरता तो केवळ हाडांचा सापळा. ओदा यांच्या कलेचे मर्म येथे आहे. त्यांची कथा उधारीवर चालते. आज उचललेले पुष्कळ दिवसांनी व्याजासह फेडले जाते. कात्री चालविणाऱ्या संपादकाला पुढला हिशेब ठाऊक नव्हता, आणि तरीही त्याने वहीचे पान फाडले.

अखंड आवृत्तीची ही स्तुती करताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. उलट याच संचांमुळे ते उघडे पडतात. लाबूनचा प्रसंग ज्या तिसऱ्या संचात आहे, त्याचे पहिले आठ भाग मूळ चित्रकथेत नसलेल्या, वेळ काढण्यासाठी जोडलेल्या एका उपकथानकाचे आहेत. पुढे पुढे तर साप्ताहिकाला गाठू नये म्हणून चित्रपटाचा वेग इतका मंदावतो की पात्रे एकमेकांकडे पाहत राहतात आणि मागील आठवड्याची उजळणी भागाचा बराच अंश खाते. पुराणिकबुवा कालची कथा थोडक्यात सांगून आजची लावतात, ते योग्यच, कारण मध्ये एक रात्र गेलेली असते. पण पोथी सलग वाचणाऱ्याला तीच उजळणी पानोपानी भेटू लागली तर तो कंटाळणारच.

मग हा पाल्हाळ छाटावा की नाही? छाटावा, पण कोणी, हा प्रश्न आहे. २०२४ साली तोएईनेच ‘मत्स्यमानव बेटा’चे पन्नासाहून अधिक भागांचे आख्यान नव्याने संपादून एकवीस भागांत बसविले. कथा पुढे कोठे जाते हे ठाऊक असलेल्यांनी केलेली ही छाटणी आहे. माळी फांदी तोडतो आणि वाटसरूही तोडतो. कृती एकच असली तरी झाड त्यांतला भेद ओळखते.

राहता राहिला घरातील मुलांचा प्रश्न. या मालिकेत मारामारी भरपूर आहे, मरण आहे. आणि उत्तरोत्तर स्त्रीपात्रांच्या रेखाटनात जी अतिशयोक्ती शिरते ती अभिरुचीला शोभणारी नाही. वडीलधाऱ्यांनी मुलाचे वय पाहून संच केव्हा उघडायचा हे अवश्य ठरवावे, आणि जमल्यास शेजारी बसून पाहावे. उशिरा दाखविलेली पूर्ण गोष्ट लवकर दाखविलेल्या अर्ध्या गोष्टीपेक्षा बरी. दिलेले वचन पन्नास वर्षेही जड होत नाही, ही या कथेची शिकवण मुलाला समजायची, तर वचन आणि त्याची पूर्तता ही दोन्ही टोके त्याच्या हाती असली पाहिजेत. या संचांनी ती दोन्ही सुरक्षित ठेवली आहेत. पाल्हाळाच्या जागी पुढे सरकण्याची कळ आपल्या हाती आहेच. गाळलेले परत आणण्याची मात्र नसते.